नांदेडहून अमृतसर किती लांब?

नांदेडहून अमृतसर किती लांब, या प्रश्नाची किमान तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेले सरळ अंतर सुमारे १,४१० किलोमीटर भरते. रस्त्याने गेल्यास ते अठराशेच्या पुढे जाते. सचखंड एक्स्प्रेसने जाणारा प्रवासी रुळांवरून सुमारे २,०८० किलोमीटर कापतो. या तीन आकड्यांतला पहिला सगळ्यांत लहान, सगळ्यांत नेमका आणि प्रवाशाच्या दृष्टीने सगळ्यांत कमी उपयोगाचा आहे, असे मला वाटते. कोणत्याही दोन विमानतळांची नावे घातली की संगणक असले अंतर क्षणात सांगतो, त्याला ताशी आठशे किलोमीटरने भागतो, वर अर्धा तास घालतो आणि ‘सव्वादोन तास’ असे उत्तर देतो. गणित चुकीचे नसते. पण छोट्या शहरांच्या विमानतळांमधले अंतर आकाशात ठरतच नाही. ते वेळापत्रकात ठरते, धावपट्टीच्या लांबीवर ठरते, जोडणाऱ्या विमानाच्या वेळेवर ठरते, आणि नांदेडच्या बाबतीत तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणी कुठल्या दिशेने रूळ टाकले यावरही ठरते. म्हणून अंतर मोजायचेच असेल तर ते घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंतच्या तासांत मोजले पाहिजे, आणि त्यात विमानाची वाट पाहण्याचे तासही धरले पाहिजेत.

यासाठी नांदेड आणि अमृतसर हीच जोडी घेण्याला कारण आहे. शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी अकाल तख्त अमृतसरला हरमंदिर साहिबच्या समोर आहे आणि तख्त सचखंड हुजूर साहिब नांदेडला गोदावरीकाठी. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरू गोबिंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला. त्याआधी गुरुपदाचा मान त्यांनी ग्रंथसाहिबाला दिला, आणि पुढे बंदासिंग बहादूर म्हणून ओळखला गेलेला बैरागी माधोदास त्यांना इथेच भेटला. आज उभा असलेला गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतला. त्यामुळे या दोन गावांमधली ये-जा हौशी पर्यटनाची नाही. तीनशे वर्षे चालत आलेली ती वाट आहे, आणि प्रत्येक पिढीने ती आपल्या हाताशी असलेल्या वाहनाने कापली आहे. बंदासिंगाने १७०८च्या शरदात नांदेड सोडले आणि पंजाबच्या सीमेवरचे समाना जिंकायला १७०९चा नोव्हेंबर उजाडला. वाटेत माणसे जमवत, लपत-छपत केलेला तो प्रवास होता, तेव्हा त्याच्याशी आजची तुलना करण्यात अर्थ नाही. पण या वाटेवरचा वेळ नुसत्या अंतरावर कधीच अवलंबून नव्हता, एवढे त्यावरून दिसते.

आधी ती सरळ रेषाच पाहू, कारण ती विलक्षण आहे. अमृतसर नांदेडच्या जवळजवळ थेट उत्तरेला आहे, उत्तरेपासून जेमतेम दहा अंश पश्चिमेकडे कललेले. नांदेडहून निघालेली ही रेषा पैनगंगा ओलांडून अकोल्याच्या जवळजवळ माथ्यावरून जाते. पुढे मेळघाटच्या पश्चिम अंगाने सातपुडा पार करून तापीचे खोरे मागे टाकते आणि नर्मदेवर पोचते ती इंदिरा सागरच्या विस्तीर्ण जलाशयापाशी. तिथून माळव्याचे पठार लागते. उज्जैन डाव्या हाताला आणि भोपाळ उजव्या हाताला ठेवून रेषा झालावाडजवळ राजस्थानात शिरते, कोट्याच्या पूर्वेने चंबळ ओलांडते आणि जयपूर शहराच्या डोक्यावर येते. जयपूरनंतर शेखावाटीचा कोरडा मुलूख, मग हरियाणात हिसार आणि सिरसा यांच्या मधली शेती, आणि मग पंजाब. पंजाबात शिरल्यावर ती जिथून जाते तिथून तलवंडी साबो दहा-पंधरा किलोमीटरांच्या आत आहे. हे तख्त दमदमा साहिबचे गाव. १७०६ साली गुरू गोबिंदसिंग इथे काही महिने राहिले आणि ग्रंथसाहिबाची अखेरची संहिता इथेच सिद्ध झाली, असे परंपरा मानते. म्हणजे नकाशावर दोन तख्तांना जोडणारी रेषा वाटेत तिसऱ्या तख्ताला जवळजवळ स्पर्श करते. त्यापुढे सतलज आणि बियास यांचा हरिकेचा संगम, आणि तिथून साठेक किलोमीटरांवर अमृतसर. या रेषेवर दिल्ली कुठेच नाही, ती दीडशे किलोमीटरांहून जास्त पूर्वेला राहते. मुंबई तर नाहीच नाही.

आता हाच प्रवास रेल्वेने पाहा. नांदेडहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस उत्तरेला जात नाही, पश्चिमेला जाते. पूर्णा, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर असे करत साडेतीनशे किलोमीटरांवर मनमाडला पोचते. मनमाड अमृतसरच्याही किंचित पश्चिमेला आहे. तिथे मुंबई-भुसावळ मार्गाला लागून ती ईशान्येला वळते आणि भुसावळ, खांडवा करत इटारसीला येते. नांदेड आणि इटारसी यांच्यातले सरळ अंतर सुमारे ३८० किलोमीटर आहे, गाडी मात्र त्यासाठी सुमारे ८४० किलोमीटर धावते. संपूर्ण प्रवासात रूळ सरळ रेषेपेक्षा जे ६७० किलोमीटर जास्त आहेत, त्यांतले सुमारे ४६० या एका वळशात गेले. इटारसीच्या पुढे भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, लुधियाना हा मार्ग बराच सरळ आहे. हा वळसा भूगोलाने लादलेला नाही. निजामाच्या राज्यात एकोणिसावे शतक संपता संपता गोदावरी खोऱ्याची मीटर गेज लाइन टाकली गेली ती हैदराबादला मनमाडशी, म्हणजे पर्यायाने मुंबईशी, जोडण्यासाठी. मराठवाड्याने उत्तरेला जावे असा विचार त्या आखणीत नव्हता. उत्तरेला जाणारी जी दुसरी मीटर गेज होती, पूर्णेहून हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट करत सातपुडा चढून खांडव्याला उतरणारी, ती नकाशावरच्या सरळ रेषेच्या सर्वांत जवळची. तिचा पूर्णा-अकोला हा तुकडा ब्रॉड गेज झाला. अकोटच्या पुढचा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्यामुळे तो जुन्याच वाटेने रुंद करावा की जंगलाला वळसा घालून न्यावा, या वादात बरीच वर्षे गेली. जंगल वाचवण्याची बाजू मला पटते. पण त्या निर्णयाची किंमत मराठवाड्यातला प्रवासी तासांमध्ये मोजतो, हेही नोंदले पाहिजे.

सचखंडला साधारण दीड दिवस लागतो, चौतीस-पस्तीस तास. सरळ अंतराला या वेळेने भागले तर ताशी चाळीस किलोमीटर एवढाच वेग निघतो. तरीही ही गाडी रोज भरून जाते. वाटेतल्या स्थानकांवर तिच्या प्रवाशांना मोफत लंगर वाढला जातो. लोक स्वतःची ताटे-वाट्या घेऊनच गाडीत बसतात, आणि वातानुकूलित डब्यातला व जनरल डब्यातला प्रवासी एकाच पातेल्यातले अन्न खातो. देशात अशी दुसरी गाडी दाखवणे कठीण आहे. विमानाची बाजू मांडताना ही गोष्ट विसरून चालणार नाही, आणि तिचा विचार पुढे करायचाच आहे.

विमानाच्या वेळेचे गणितही संगणक सांगतो तितके सपाट नसते. दीडशे-पावणेदोनशे आसनांचे जेट विमान पस्तीस हजार फुटांवर ताशी सुमारे ८३० किलोमीटरने जाते, पण तिथवर चढायला वीस-एक मिनिटे आणि उतरायला पंचवीस-एक मिनिटे लागतात, आणि त्या काळात वेग कमी असतो. १,४१० किलोमीटरांच्या मार्गावर पूर्ण वेगाचा टप्पा जेमतेम हजार किलोमीटरांचा उरतो. म्हणून हवेत दोन तास. त्यात प्रत्यक्ष मार्गाचा वळसा मिळवायचा. विमाने ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, हवाई दलासाठी राखलेले आकाश टाळतात, आणि अमृतसर सीमेपासून अगदी जवळ असल्यामुळे तिथे पश्चिमेकडून मोकळेपणाने वळण घेता येत नाही. धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ धरला की दरवाजा बंद होण्यापासून उघडेपर्यंत अडीच तास होतात. वाऱ्याचा हिशेब मात्र या मार्गावर सुखद आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वरच्या थरातला वारा वाहतो, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा. दिल्ली-गुवाहाटी हा जवळजवळ याच लांबीचा मार्ग आहे, आणि त्यावर या वाऱ्यामुळे जाता-येतानाच्या वेळेत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. नांदेड-अमृतसर दक्षिणोत्तर असल्यामुळे इथे तोच वारा आडवा येतो. विमान नाक थोडे पश्चिमेला वळवून आपली रेषा धरते आणि दोन्ही दिशांना दोन-तीन टक्के वेग गमावते. मार्ग दहा अंश पश्चिमेला झुकलेला आहे म्हणून जाताना किंचित जास्त वेळ आणि येताना किंचित कमी, पण तो फरक चार-पाच मिनिटांचा.

या सगळ्याहून मोठा पुरावा मुंबईचा आहे. मुंबई आणि नांदेड हे दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर, एकोणीस अंशांच्या जरा वर आहेत. अमृतसरचा रेखांश या दोघांच्या मधोमध पडतो. परिणाम असा की मुंबई-अमृतसर हे सरळ अंतरही सुमारे १,४१० किलोमीटरच भरते, नांदेडइतकेच. हे जुळणे योगायोगाचे असले तरी युक्तिवादासाठी ते फार मोलाचे आहे, कारण इथे अंतर हा घटक बाजूला पडतो आणि उरतो तो फक्त सेवेचा फरक. मुंबईकराला अमृतसरसाठी रोज थेट विमाने मिळतात आणि तो अडीच-पावणेतीन तासांत उतरतो. त्याच्याइतक्याच अंतरावर राहणारा नांदेडकर थेट विमान नसेल तेव्हा काय करतो? एक वाट हैदराबादची. सुमारे २८० किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे अमृतसरच्या नेमके उलट दिशेने, पाच-सहा तास रस्त्याने जायचे, दोन तास आधी विमानतळावर पोचायचे, आणि मग १,६५० किलोमीटरांचे उड्डाण करायचे. घरापासून मुक्कामापर्यंत अकरा-बारा तास जातात. दुसरी वाट मुंबईची. २०२५मध्ये नांदेडपर्यंत वाढवलेल्या वंदे भारतने मुंबई नऊ-साडेनऊ तासांवर आली हे खरे, पण तिथे उतरल्यावर अमृतसर पुन्हा १,४१० किलोमीटर दूरच असते. आदल्या दिवसाचा सगळा प्रवास अमृतसरच्या दृष्टीने शून्य किलोमीटरांचा ठरतो. समान अंतरावरच्या दोन गावांपैकी एकाला घरापासून मुक्कामापर्यंत पाच तास आणि दुसऱ्याला बारा तास ते एक दिवस लागत असेल, तर ‘अंतर इतके, उड्डाणवेळ इतकी’ या माहितीने नेमके कोणाला काय सांगितले?

नांदेडच्या विमानतळाची अडचण सुविधांच्या अभावाची आहे असे म्हणता येत नाही. जुनी धावपट्टी २००८च्या गुरुतागद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या, त्रिशताब्दीसाठी वाढवली गेली, नवे टर्मिनल उभे राहिले, आणि सुमारे २,३०० मीटर लांबीवर आज मध्यम आकाराचे जेट सहज उतरते. विमानतळ गावाला लागून आहे, अमृतसरचा राजासांसी विमानतळही शहरापासून अकरा-एक किलोमीटरांवर. मुंबईत घर ते विमानतळ यात दोन तास आणि धावपट्टीच्या रांगेत आणखी वीस मिनिटे जाऊ शकतात, इथे ते नाही. म्हणजे थेट विमान असेल त्या दिवशी नांदेडकर मुंबईकराच्या आधी हरमंदिर साहिबात पोचेल. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेच्या पहिल्या विमानांना निशाण दाखवले, त्यांत नांदेड-हैदराबाद हे ट्रूजेटचे विमान होते. त्याच वर्षी डिसेंबरात एअर इंडियाने नांदेड-अमृतसर ही थेट सेवा सुरू केली, आठवड्यातून दोन दिवस. कोविडमध्ये तिच्यात खंड पडला आणि पुढे ती बंद झाली. २०२२च्या सुरुवातीला ट्रूजेटही थांबली. मार्च २०२४अखेर स्टार एअरने बंगळूर-नांदेड-हिंडन (दिल्लीजवळ)-आदमपूर अशी साखळी जोडली. आदमपूर जालंधरजवळ आहे, अमृतसरपासून रस्त्याने शंभर-एक किलोमीटर. मग २०२५मध्ये धावपट्टीच्या प्रश्नामुळे नांदेडची उड्डाणेच काही काळ थांबवावी लागली. आठ-नऊ वर्षांत नांदेड-पंजाब हे अंतर किती वेळा बदलले ते यावरून दिसते, आणि दोन्ही गावे तर जागच्या जागी आहेत.

आठवड्यातून दोनदा जाणारे विमान हे छोट्या विमानतळांवरचे नेहमीचे चित्र. त्याचा हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण इथेच उड्डाणवेळ हा शब्द सर्वांत जास्त दिशाभूल करतो. एखाद्याला कोणत्याही दिवशी निघण्याची गरज पडू शकते असे धरा. दोन उड्डाणे आठवड्यात अगदी समान अंतराने असली, तर पुढच्या विमानासाठी सरासरी ४२ तास थांबावे लागते. ती शनिवार-रविवार अशी लागोपाठ असली, तर सरासरी थांबणे ६३ तासांवर जाते, कारण रविवार चुकला की पुढचे सहा दिवस काहीच नाही. सचखंड एक्स्प्रेस रोज निघते, तिची सरासरी वाट १२ तासांची. वाट आणि प्रवास मिळून रेल्वे सेहेचाळीस-सत्तेचाळीस तासांत पोचवते. आठवड्यातून दोनदा उडणारे जेट, अडीच तासांचे असूनही, उत्तम वेळापत्रकात साडेचव्वेचाळीस तास घेते आणि लागोपाठच्या दिवसांत पासष्ट. ताशी आठशे तीस किलोमीटरचे यंत्र ताशी साठच्या गाडीशी बरोबरी करते किंवा हरते, ते केवळ वारंवारतेमुळे. हेच विमान अर्ध्या आकाराचे करून रोज उडवले तर वाट आणि उड्डाण मिळून साडेचौदा तास होतात. म्हणून छोट्या गावाला मोठे विमान क्वचित मिळण्यापेक्षा लहान विमान रोज मिळणे कितीतरी मोलाचे. ७६ आसनांचे एम्ब्रेअर १७५ सारखे जेट या कामाला योग्य आहे. एटीआर ७२ मात्र इथे चालत नाही. पूर्ण भाराने त्याचा पल्ला जवळपास या मार्गाच्या लांबीइतकाच आहे, आणि पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढे राखीव इंधन धरले की ते कमी पडते. हैदराबादला जोडणारे एटीआर अमृतसरला का जात नसे, याचे हे साधे तांत्रिक कारण आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की यात्रेकरू काही कोणत्याही दिवशी निघत नाही. तो महिनाभर आधी ठरवतो, तिकीट काढतो, मग त्याला सरासरी वाट लावून काय उपयोग? आक्षेप अर्धा खरा आहे. सहलीचे आणि यात्रेचे बेत विमानाच्या दिवसाप्रमाणे बसवता येतात, पण बसवणे म्हणजेच वाट पाहणे. शनिवारी गेलेल्याने रविवारी परतावे किंवा पुढच्या शनिवारपर्यंत थांबावे, असे वेळापत्रक असले तर तीन दिवसांची यात्रा करणाऱ्याला ते विमान नसल्यासारखेच आहे. नोकरदाराची रजा, शाळकरी मुलांची सुट्टी, म्हाताऱ्या आईवडिलांची सोय यांतून त्याची किंमत चुकती होते, फक्त ती विमानतळावरच्या बाकावर बसून चुकवली जात नाही. शिवाय या मार्गावरचा माणूस केवळ यात्रेकरू नाही. नांदेडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, मराठी आणि पंजाबी दोन्ही बोलणारी दखनी शीख कुटुंबे आहेत, त्यांचे सोयरसंबंध तिकडे आहेत. मृत्यू, आजारपण महिनाभर आधी ठरत नाही. आणि मराठी वारकरी माणसाचीही या वाटेवर जुनी ओढ आहे. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हिंगोली जिल्ह्यात, नांदेडपासून जवळ. त्यांनी आयुष्याचा उत्तरकाळ जिथे घालवला असे मानतात ते घुमान गुरदासपूर जिल्ह्यात, अमृतसरपासून जवळ. ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५च्या एप्रिलमध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्रातून शेकडो रसिक हाच लांबचा रस्ता धरून गेले.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. प्रवासी नसतील तर विमान कोण उडवणार? विमान कंपनी धर्मशाळा नाही, आणि सरकारी पैशाने अशा सेवा जगवून पाहिल्याचा अनुभव चांगला नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालात ‘उडान’च्या पहिल्या तीन फेऱ्यांचा जो हिशेब आहे तो निराश करणारा आहे. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांचा सवलतीचा काळ ११२ मार्गांनी पूर्ण केला आणि त्यानंतरही टिकले ते फक्त ५४. हे आकडे पाहून योजना गुंडाळा असे कुणी म्हणाले तर मी त्याला दोष देणार नाही. पण यांतून निघणारा निष्कर्ष माझ्या मते वेगळा आहे. सवलत आसनांमागे दिली गेली, भाड्याला मर्यादा घातली गेली, पण मार्ग निवडताना दोन गावांमध्ये प्रवाशाचा वेळ खरोखर किती वाचतो याला पुरेसे वजन मिळाले नाही. जिथे रस्त्याने चार-पाच तासांत पोचता येते अशा जवळच्या गावांना जोडणारे विमान, घर ते घर मोजल्यास, तासभरही वाचवत नाही. लोक काही दिवस कौतुकाने बसतात आणि मग मोटारीकडे परततात. नांदेड-अमृतसरसारख्या जोडीत रेल्वेचे चौतीस तास आणि विमानाचे, विमानतळावरचा वेळ धरून, पाच तास यांत तफावत एकोणतीस तासांची आहे. एवढा वेळ वाचवणाऱ्या मार्गाला आणि दोन तास वाचवणाऱ्या मार्गाला एकाच तराजूत घालणे हाच दोष आहे. मागणीविषयी म्हणाल तर वीसहून अधिक डब्यांची गाडी रोज भरून जाते. तिच्यातल्या शंभरातल्या पाच माणसांनी विमान धरले तरी ७६ आसनांचे विमान जवळजवळ भरेल. शंका घ्यायचीच तर ती हंगामाची घ्यावी. होला मोहल्ला, दसरा, गुरुपर्व या दिवसांत आसने अपुरी आणि मधल्या काळात रिकामी, ही अडचण खरी आहे आणि ती केवळ इच्छेने सुटत नाही.

आणि तिसरा आक्षेप लंगरचा. दीड दिवसाचा प्रवास हाच यात्रेचा भाग आहे, गाडीत शबद ऐकत, अनोळखी माणसांबरोबर जेवत जाणे हे अडीच तासांच्या उड्डाणात कुठून येणार, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला मनापासून पटते. विमानाने ती गाडी बंद पडावी असे कुणालाच वाटत नाही. पण दीड दिवस बसून जाणे ही ज्याची निवड आहे त्याचा तो आनंद आहे, आणि ज्याच्या गुडघ्यांना, मूत्रपिंडांना किंवा रजेला ते झेपत नाही त्याला दुसरी वाट नसणे ही अडचण आहे. पहिल्याच्या आनंदासाठी दुसऱ्याची अडचण नाकारता येत नाही.

मग मार्ग कोणता? थेट रोजचे विमान हे उत्तम उत्तर असले तरी एकमेव नाही, आणि इथे भूगोल पुन्हा मदतीला येतो. दिल्ली नांदेडच्या जवळजवळ थेट उत्तरेला आहे. दोघांच्या रेखांशात पाव अंशाइतकाही फरक नाही. नांदेड-दिल्ली सुमारे १,०४० किलोमीटर आणि दिल्ली-अमृतसर सुमारे ४१०, म्हणजे दिल्लीला उतरून गेले तरी हवेतला वळसा फक्त चाळीस किलोमीटरांचा पडतो. हैदराबादला जाण्यात उलट दिशेचे अडीचशे किलोमीटर आहेत, मुंबईला जाण्यात आडवे पावणेपाचशे. या तिन्हींत दिल्ली किती सरस आहे ते मोजपट्टीनेच दिसते. शिवाय दिल्लीला उतरणारे विमान फक्त अमृतसरच्या प्रवाशांवर अवलंबून राहत नाही. चंदीगड, जम्मू, डेहराडून आणि खुद्द दिल्लीचे प्रवासी मिळून ते वर्षभर भरते आणि हंगामाची अडचण बरीच सौम्य होते. मात्र त्यासाठी विमान दिल्लीच्या मुख्य विमानतळावर उतरले पाहिजे. हिंडन गाझियाबादच्या बाजूला आहे. तिथे उतरून अमृतसरचे विमान पकडायला इंदिरा गांधी विमानतळावर जायचे म्हणजे सगळी राजधानी पार करायची, सामान पुन्हा द्यायचे, आणि वाहतुकीत अडकले तर विमान चुकणार. चाळीस किलोमीटरांचा हवाई वळसा तिथे रस्त्यावर तीन-चार तासांचा होतो. दोन्ही विमाने एका तिकिटावर, एका विमानतळावर आणि तासा-सव्वातासाच्या अंतराने असतील तर सारा प्रवास साडेचार तासांत बसतो.

वेळही निवडून घ्यावी लागेल. नांदेडला मेच्या दुपारी पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. विरळ झालेल्या गरम हवेत पंखांना उचल कमी मिळते, आणि २,३०० मीटरांच्या धावपट्टीवरून पूर्ण भार व लांबच्या पल्ल्याचे इंधन घेऊन उडणे कठीण होते, मग आसने रिकामी ठेवावी लागतात. उलट अमृतसरला डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुक्यामुळे काही दिसत नाही आणि विमाने दिल्लीला वळवली जातात. सीमेवरचा तणाव हा तिसरा धोका. २०१९च्या फेब्रुवारीत आणि २०२५च्या मेमध्ये अमृतसर विमानतळ नागरी वाहतुकीला बंद झाला होता, आणि त्यावर कोणत्याही वेळापत्रकाचा इलाज नाही. उरलेल्या दोन अडचणींवर मात्र आहे. नांदेडहून सकाळी सातच्या सुमारास निघून दिल्लीमार्गे जाणारा प्रवासी बाराच्या आत राजासांसीला उतरतो. उन्हाळ्यात धावपट्टी तापण्यापूर्वी त्याचे विमान उडालेले असते, आणि जानेवारीत तो पोचेपर्यंत तिथले धुके बहुतेक दिवशी विरलेले असते.